चवड

केमियार्वीत दुपारी अडीचलाच दिवे लावावे लागतात.
काइनोच्या स्वयंपाकघरात, टेबलावर,
नोव्हेंबरपासून पट मांडलेला आहे;
तेव्हापासून तो मांडीवर ताटली घेऊन जेवतो.
पोस्टाची तिकिटं उचलायच्या चिमट्याने तो सैन्य हलवतो.
माझी बोटं जाड. मी नखाने ढकलतो.

नियम सोपे आहेत.
एका षट्कोनात तीन तुकड्या, चौथीला जागा नाही.
समोरच्याला दिसते ती फक्त वरची.
खाली काय आहे, ते हल्ला केल्याशिवाय विचारायचं नाही.
आणि चवड चालते
तिच्यातल्या सर्वांत मंद पायाने.
हा शेवटचा मी नेहमी विसरतो.

जानेवारीभर त्याची एक चवड
माझ्या पुलाकडे येत होती.
वर घोडदळ, आठाचं, निळं.
घोडदळाला सहा घरं मोकळी असतात.
हे दोन चालायचं.
बर्फ असो, सडक असो,
दोनच.
मी म्हटलं, खाली वेढ्याच्या तोफा असणार,
लोखंडाला घाई नसते.

घाबरलो, खोटं कशाला बोलू.
डावीकडची टेकडी सोडली, गिरणीचं गाव सोडलं,
होतं नव्हतं ते पुलापाशी आणून
तीन-तीनच्या चवडी लावल्या.
रात्री अंथरुणात फाशांच्या बेरजा.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात,
काइनोची त्या महिन्यात
तीन लाखांच्या खाली नव्हती.

काल तो लाकडं आणायला शेडमध्ये गेला
आणि मिर्री खिडकीतून उतरली
ती थेट नदीत.
शेपटीच्या एका फटक्यात घोडदळ उताणं.
त्याखाली रसदीची गाडी, रिकामी.
त्याखाली
चौथी पायदळ पलटण.

हिला मी नाताळाआधी दलदलीत कापून काढली होती.
फासा पाचाचा पडला होता.
काइनोने ती पटावरून उचलली, ते मी पाहिलं.
डब्यात टाकली, ते पाहिलं नव्हतं.

हल्ला शून्य, बचाव शून्य.
तिने त्याला काहीच मिळत नव्हतं.
पुठ्ठ्याचा वरचा कोपरा चावलेला.
आम्ही तिघे होतो तेव्हा
रेयो विचार करताना सोंगट्या चावायचा,
आपल्याच नव्हे, कुणाच्याही.
तुझ्या दातांना वेगळी पाळी देऊ का,
काइनो ओरडायचा.

पायदळ दोन घरं चालतं.
मेलेल्यालाही त्याने
नियमाबाहेर एक घर दिलं नाही.
आठाचं घोडदळ महिनाभर पायी नेलं.

बाहेर बूट आपटल्याचा आवाज.
मी पहिल्यांदाच त्याचा चिमटा उचलला.
पलटण. गाडी. घोडदळ.
मधली गाडी एकदा घसरली.
घोड्याचं तोंड उत्तरेला होतं की ईशान्येला,
काही केल्या आठवेना.

तो आला. ओंडके ठेवले.
भुवयांवरचं बर्फ वितळेपर्यंत पटाकडे बघत राहिला.
"घोडं वळलंय."
"मिर्री," मी म्हणालो.
"हं."
चुलीचं दार उघडलं, एक लाकूड घातलं,
दुसरं हातातच धरून म्हणाला,
"तुझी पाळी."

पुलापाशी माझ्या नऊ तुकड्या होत्या.
मधली चवड मी नखाने मागे ढकलली.
दोन घरं.

"पूल सोडलास?"

"गर्दी झाली होती तिथे,"
मी म्हणालो, आणि कॉफी मागितली.